ट्रेलर मागे घेताना : उपनगरात माल पोहोचविणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरणीपासून काढणीपर्यंत काय करावे, याविषयी अशा मेळाव्यांतून आपण पुष्कळ ऐकतो. प्रतवारी आणि पॅकिंग याविषयीही ऐकतो. आज मी त्याच्या पुढच्या एका टप्प्याविषयी बोलणार आहे. माल भरलेला ट्रेलर मुंबईच्या उपनगरात पोहोचल्यावर तो रस्त्याच्या कडेला, दोन उभ्या वाहनांमधल्या जागेत, सुखरूप कसा लावावा, हा आजचा विषय आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. "हे ड्रायव्हरचे काम, त्यात शेतकऱ्याने काय शिकायचे?" असेही कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मी माझ्याच अनुभवातून देतो.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या भागातील रोपवाटिकाधारकांच्या गटाबरोबर मी मुलुंड पश्चिमेला गेलो होतो. एका गृहनिर्माण संस्थेने वाढलेली झाडे मागविली होती. मातीच्या गोळ्यासह एकेक झाड काही क्विंटलचे. ती ट्रेलरवर आडवी बांधली होती आणि उतरविण्यासाठी क्रेन येणार होती. पहाटेचे पाच वाजले होते. रस्त्याच्या कडेला दोन वाहनांच्या मध्ये जागा होती. क्लीनर पुढे गाड्या थांबवायला गेला. मी शिकलेला माणूस, म्हणून मागे जाऊन उभा राहिलो आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून ओरडू लागलो. माझ्या पाठीशी संस्थेची कुंपणभिंत होती, हे माझ्या ध्यानातच नव्हते.

इतक्यात दूध टाकायला निघालेल्या एका मुलाने माझा दंड धरून मला बाजूला ओढले आणि दुसऱ्या हाताने ट्रेलरच्या फळीवर जोरात थापा मारल्या. ट्रेलर थांबला. मी जिथे उभा होतो तिथे ट्रेलरची शेपूट आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर उरले होते.

ड्रायव्हर आमच्याच तालुक्यातले, पन्नाशीचे, सर्वजण त्यांना मामा म्हणत. ते खाली उतरले, ते अंतर त्यांनी पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही आरशात दिसत नव्हता. मला वाटलं, तुम्ही बाजूला झालात."

बंधूंनो, आजच्या भाषणातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर मामांचे हे वाक्य न्या. मागचा माणूस आरशात दिसत नाही, याचा अर्थ तो बाजूला झाला असा कधीच घ्यायचा नाही. तो दिसत नाही, याचा अर्थ गाडी जागच्या जागी थांबवायची. आणि आपल्या गाडीमागे उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? माल ज्याचा, तो. म्हणजे तुम्ही, तुमचा मुलगा, नाहीतर भाऊ. म्हणून हा विषय ड्रायव्हरचा आहे तितकाच शेतकऱ्याचाही आहे.

हा प्रसंग आपल्यावर का येऊ लागला?

पूर्वी मुंबईला जाणारा माल घाऊक बाजारात उतरला की शेतकऱ्याचे काम संपत असे. ते घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने दक्षिण मुंबईतून वाशीला गेले. तिथे मोठ्या गाड्यांसाठी आवार आहे, धक्के आहेत. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी मुंबईत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक गटांनी गृहनिर्माण संस्थांच्या फाटकापर्यंत थेट माल नेला. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतले गवत मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यान् पिढ्या जात आले आहे. रोपवाटिकांची मोठी झाडे आता अंधेरी-बोरिवलीपर्यंत जातात. म्हणजे आवारातून आपण गल्लीत आलो आहोत. गल्लीत धक्का नसतो, हमाल नसतो आणि गाडी लावून देणाराही कोणी नसतो.

आधी जागा, मग ट्रेलर

ट्रेलर लावण्याचे निम्मे काम जागा निवडण्यात असते. चाळीस फुटी पेटी वाहणारा ट्रेलर पुढच्या घोड्यासह सुमारे पन्नास फूट लांब आणि आठ फूट रुंद भरतो. अशी गाडी मागे घेऊन लावायची तर तिच्या लांबीच्या निदान दीडपट, म्हणजे पंचाहत्तर फूट मोकळी जागा हवी. तेवढी नसेल तर प्रयत्नच करू नये.

रुंदीचाही हिशेब करा. उपनगरातील आतला रस्ता तीस फुटी धरला आणि दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असल्या, तर प्रत्येकी सहा फूट गेले. उरले अठरा फूट. ट्रेलर आत शिरताना घोड्याचे तोंड रस्त्यावर तिरपे बाहेर येते. अठरा फुटांत ते मावत नाही. समोरच्या मोटारीला घासल्याशिवाय हे काम होणार नाही, हे कागदावरच कळते. अशा गल्लीत मोठा ट्रेलर नेऊच नये. घाटकोपर आणि मुलुंड पूर्वेला ज्यांना नव्वद फुटी रस्ता म्हणतात, तसा रुंद रस्ता जवळ असेल तर तिथे जागा शोधावी आणि तिथून छोट्या टेम्पोने माल आत न्यावा. अनेकदा सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच असते, की ट्रेलर भिवंडी किंवा वाशीलाच थांबवून पुढचा टप्पा पिकअपने करावा. टेम्पोचे भाडे जाते हे खरे, पण एका मोटारीचा दरवाजा दुरुस्त करून देण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

रांगेच्या मधली जागा घेण्यापेक्षा रांगेच्या टोकाची जागा घ्यावी. तिथे गाडी सरळ पुढे घेऊन लावता येते, मागे घ्यावीच लागत नाही. जी गाडी मागे घ्यावी लागली नाही ती सर्वांत चांगली लावलेली गाडी, असे मी समजतो.

जागा पाहताना खालची जमीन आणि वरचे आकाश दोन्ही पाहा. कडेला पावसाळी गटाराची झाकणे असतात. भरलेल्या ट्रेलरचे चाक त्यावर आले तर झाकण खचू शकते. पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर चाक चढवू नये. वर पाहिले तर झाडांच्या फांद्या, दुकानांच्या पाट्या आणि इमारतींमधून लोंबणाऱ्या केबलच्या तारा असतात. पेटी चढवलेल्या ट्रेलरची उंची साधारण तेरा ते चौदा फूट होते. रस्ता कडेला उतरता असल्याने ट्रेलरचा माथा कडेकडे कलतो. त्यामुळे चाक कडेपासून हातभर लांब असूनही माथा पाटीला लागू शकतो. गवताच्या गाठी किंवा झाडे भरली असतील तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी पत्ता विचारताना 'पूर्व की पश्चिम' हे लिहून घ्या. रेल्वेमार्गाने उपनगरांचे दोन भाग केले आहेत. चुकीच्या बाजूला उतरलात तर परत फिरायला मोठा वळसा पडतो आणि जवळचा भुयारी रस्ता आपल्या उंचीच्या गाडीला उपयोगाचा नसतो. अंधेरीच्या भुयारी रस्त्यात तर पावसाळ्यात पाणीही साचते. पूलही कायम चालू असतो असे नाही. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि टप्प्याटप्प्याने पूर्ण खुला व्हायला २०२५ साल उजाडले. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. त्या वेळा वाहतूक पोलिसांकडून आधी विचारून घ्याव्यात आणि त्यानुसार घरून निघावे.

उलटी चाल समजून घ्या

आता मुख्य भागाकडे येतो. तुमच्यापैकी अनेकांनी दोनचाकी ट्रॉली खळ्यात मागे घेतली आहे. मोठ्या ट्रेलरचे शास्त्र तेच आहे.

ट्रेलर मागे जाताना स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की घोड्याची मागची बाजू उजवीकडे सरकते. ती ट्रेलरचे तोंड उजवीकडे ढकलते. तोंड उजवीकडे गेले की शेपूट डावीकडे जाते. डाव्या कडेला लावायचे आहे, म्हणून सुरुवातीला स्टिअरिंग उजवीकडे.

ज्यांचा यात गोंधळ होतो त्यांनी एक सोपी युक्ती करावी. स्टिअरिंग वरून न धरता अगदी खालून धरावे. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला शेपूट जाईल. हात डावीकडे, शेपूट डावीकडे. विचार करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट. आखूड ट्रॉली चटकन वळते, लांब ट्रेलर सावकाश वळतो. ट्रॉलीची सवय असलेला माणूस लांब ट्रेलरवर बसला की 'अजून वळत नाही' म्हणून स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि मग ट्रेलर एकदम जास्त वळतो. थोडे फिरवा, थोडे मागे घ्या, वाट पाहा.

तिसरी गोष्ट. घोडा आणि ट्रेलर यांच्यातला कोन वाढत गेला तर गाडीची मध्येच घडी पडते. घोड्याची केबिन ट्रेलरच्या कोपऱ्याला भिडते, ब्रेकच्या हवेच्या नळ्या ताणून तुटतात. कोन एका मर्यादेपलीकडे गेला की मागे घेत असताना कोणत्याही स्टिअरिंगने तो कमी होत नाही. तेव्हा थांबावे आणि पुढे घ्यावे. पुढे घेतले की चूक सुटते, मागे रेटले की वाढते. यात कमीपणा काही नाही. वीस वर्षे गाडी चालविलेले ड्रायव्हरसुद्धा दोनदा-तीनदा पुढे घेतात. मागून हॉर्न वाजविणाऱ्यांना वाजवू द्यावेत.

चौथी गोष्ट आपल्या देशापुरती. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गाडी डाव्या कडेला लावतो. म्हणजे ज्या बाजूला शेपूट न्यायची ती बाजू ड्रायव्हरपासून सर्वांत लांब. शेपूट डावीकडे वळली की उजव्या आरशात ती दिसेनाशी होते. उरतो फक्त डावा आरसा, आणि त्यातले अंतर डोळ्यांना फसविते. म्हणून डावा आरसा निघण्यापूर्वीच पुसून, त्यात ट्रेलरचे मागचे चाक दिसेल असा बसवावा. हल्ली पुष्कळ तरुण फोनवर परदेशातल्या चित्रफिती पाहून शिकतात. त्यात अनेकदा ड्रायव्हर डावीकडे बसून उजव्या कडेला गाडी लावत असतो. तिथले उजवे-डावे जसेच्या तसे उचलले तर आपल्या रस्त्यावर गाडी भलतीकडेच जाईल.

लावण्याची रीत

आता क्रमाने सांगतो.

१. गाडी थांबवून खाली उतरा आणि जागेला एक फेरी मारा. झाकणे, खांब, फांद्या, उभी मुले, झोपलेली कुत्री, सर्व पाहा. केबिनमधून पाहणे आणि उतरून पाहणे यांत फरक आहे. गाडीमागे रात्री माणूसही झोपलेला असू शकतो.

२. मोकळ्या जागेच्या पुढे उभ्या असलेल्या वाहनाला समांतर, सुमारे तीन फूट अंतर ठेवून, पुढे जा. ट्रेलरची मागची चाके त्या वाहनाच्या मागच्या बंपरच्या साधारण समोर आली की थांबा. घोडा आणि ट्रेलर एका सरळ रेषेत असले पाहिजेत.

३. रिव्हर्स गिअर टाकून, स्टिअरिंग थोडे उजवीकडे फिरवून, माणूस चालतो त्याहूनही सावकाश मागे या. शेपूट डावीकडे जागेत शिरू लागेल. कोन लहानच ठेवा. घड्याळातल्या एका तासाच्या अंतराच्या निम्म्याइतका पुरे.

४. कोन मिळाला की स्टिअरिंग डावीकडे आणून घोड्याला ट्रेलरच्या मागोमाग येऊ द्या. घोडा आणि ट्रेलर आता एका रेषेत, पण रस्त्याला तिरपे झाले. स्टिअरिंग सरळ करून असेच मागे या. ट्रेलरचे डावे मागचे चाक कडेपासून सुमारे तीन फुटांवर आले की थांबा.

५. आता स्टिअरिंग डावीकडे फिरवून मागे या. ट्रेलरचे तोंड कडेकडे ढकलले जाईल आणि ट्रेलर कडेला समांतर होऊ लागेल. या वेळी घोड्याचे तोंड उजवीकडे रस्त्यावर बाहेर जाते. स्कूटर आणि रिक्षा नेमक्या याच वेळी मधून घुसतात. उजवीकडे पाहिल्याशिवाय हा टप्पा करू नये.

६. ट्रेलर समांतर झाला की स्टिअरिंग उजवीकडे घेऊन घोड्याला रेषेत आणा. घोड्याचे तोंड आत येताना डावा कोपरा पुढच्या वाहनाला लागत नाही ना, ते पाहा. शेवटी दोन-चार फूट पुढे घेतले की सर्व गाडी सरळ होते.

प्रत्येक टप्प्यानंतर थांबायचे. हे सहा टप्पे एका दमात करण्याची शर्यत नाही. दहा मिनिटे लागली तरी भाजी काही वाळत नाही.

मागे उभा राहणारा माणूस

आता पुन्हा मामांच्या वाक्याकडे येतो.

मागे एकच माणूस इशारे देईल. चार जण चार बाजूंनी ओरडू लागले की ड्रायव्हर कोणाचेच ऐकत नाही. ज्याला नेमले त्याने डाव्या पदपथावर, ट्रेलरच्या शेपटीच्या मागे पण तिच्या रेषेच्या बाहेर, अशा ठिकाणी उभे राहावे की डाव्या आरशात त्याला ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. तुम्हाला आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला तर त्यालाही तुम्ही दिसता. याहून साधी तपासणी नाही.

ट्रेलर आणि भिंत, ट्रेलर आणि खांब, ट्रेलर आणि उभे वाहन यांच्या मध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने, जायचे नाही. चाकाखालचा दगड काढायचा असेल तरी आधी इंजिन बंद, हातब्रेक वर, आणि मग जायचे.

आवाजावर भरवसा ठेवू नये. डिझेल इंजिनाच्या आणि रस्त्याच्या आवाजात 'येऊ द्या' आणि 'थांबा' सारखेच ऐकू येतात. हातांचे इशारे घरूनच ठरवून निघावे. उदाहरणार्थ, दोन्ही हात छातीकडे हलविले की या. एक हात बाजूला पसरला की शेपूट त्या बाजूला. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की थांबा. दोन तळहातांतले अंतर कमी करत आणले की तितकेच उरले. पहाटे किंवा रात्री इशारे देणाऱ्याने पांढरा सदरा किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालावे आणि हातात बॅटरी धरावी. मात्र बॅटरीचा झोत आरशात मारू नये, त्याने ड्रायव्हरचे डोळे दिपतात.

दुसरा माणूस असेल तर त्याने रस्त्याच्या बाजूने, मागून येणाऱ्या दुचाकी थांबवाव्यात. त्यानेही ट्रेलरच्या मागे जायचे नाही.

ड्रायव्हरसाठी नियम एकच. माणूस दिसेनासा झाला, की ब्रेक. काच खाली, रेडिओ बंद, फोन खिशात.

ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी

ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने जोडलेले असावेत. शेतात वळण्यासाठी आपण ते वेगळे करतो आणि जोडायचे विसरतो. रस्त्यावर एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. ट्रॉलीची पिन आणि तिची कडी तपासा. जोडदांड्यावर कोणालाही उभे करू नका. ट्रॉली मागे घेताना तिथे पाय सापडला तर वाचत नाही.

ज्या चारचाकी ट्रॉलीची पुढची चाके फिरत्या तबकडीवर असतात, तिला दोन सांधे असतात. एक ट्रॅक्टरशी आणि दुसरा तबकडीचा. ती मागे घेताना शेपूट कुठे जाईल याचा अंदाज लागत नाही. ती भरलेली असताना रस्त्यावर मागे घेऊन लावण्याचा प्रयत्न करू नये. उसासाठी एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांचेही तसेच. जागा अशीच निवडावी की पुढे घेऊन लावता येईल आणि पुढेच घेऊन निघता येईल.

उभा केल्यानंतर

गाडी लागली म्हणजे काम संपले असे नाही. हातब्रेक ओढा, इंजिन बंद करा, गिअरमध्ये ठेवा. घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीकडच्या रस्त्यांवर चढ-उतार आहेत. तिथे चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. दगड लावू नयेत. लावलेच तर निघताना उचलून पदपथावर ठेवावेत. रस्त्यात सोडून दिलेला एक दगड रात्री एखाद्या दुचाकीस्वाराचा जीव घेतो आणि तो कोणी ठेवला हे कोणालाच कळत नाही.

अंधारात उभा असलेला ट्रेलर हा चालत्या ट्रेलरइतकाच धोक्याचा असतो. मागे लाल, बाजूंना पिवळ्या, पुढे पांढऱ्या अशा चमकणाऱ्या पट्ट्या लावलेल्या असाव्यात आणि त्या चिखलाने माखलेल्या नसाव्यात. झाडांच्या फांद्या किंवा कडब्याचे टोक मागे लोंबत असेल तर त्या टोकाला दिवसा लाल फडके आणि रात्री लाल दिवा बांधावा. द्रुतगती मार्गावर बिघाडाशिवाय उभे राहूच नये. बिघाड झालाच तर धोक्याचा त्रिकोण निदान पन्नास पावले मागे ठेवावा.

कायद्याचीही माहिती हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे वाहन किंवा ट्रेलर इतरांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी उभा ठेवता येत नाही. चौक, वळण, पादचारी पट्टे, बसथांबा, शाळा व रुग्णालयाचे प्रवेशद्वार, अग्निशमनाचा नळ आणि दुसऱ्या उभ्या वाहनाच्या बाजूची दुहेरी रांग ही ठिकाणे टाळावीत. परवान्याविषयी सांगायचे तर, हलक्या वाहनाच्या परवान्यावर एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यामुळे पिकअपवाल्यांची अडचण दूर झाली. मोठ्या ट्रेलरला मात्र अवजड वाहनाचाच परवाना लागतो. 'शेतात चालवतो, रस्त्यावरही चालवीन' हे तिथे चालत नाही. अपघात झाला तर विम्याच्या वेळी पहिला प्रश्न परवान्याचाच येतो.

सराव घरीच करा

ही विद्या मुंबईच्या रस्त्यावर शिकायची नाही. सुगी संपली की खळे किंवा माळ मोकळा असतो. ट्रॅक्टर आणि रिकामी दोनचाकी ट्रॉली मिळून साधारण पंचवीस ते अठ्ठावीस फूट होतात. पंचेचाळीस फुटांची जागा आखा. दोन टोकांना भुसा भरलेल्या गोण्या उभ्या करा, त्या म्हणजे पुढची आणि मागची मोटार. एका बाजूला दोरी ताणा, ती म्हणजे पदपथाची कड. गोणी पडली तर कोणाचे नुकसान नाही. आधी फक्त सरळ मागे घेण्याचा सराव करा, मग वळविण्याचा, मग सहा टप्प्यांचा. जो चालवत नाही त्याने इशारे देण्याचा सराव करावा. घरातल्या भगिनींनीही हे इशारे शिकावेत. आठवडे बाजाराला माल घेऊन त्याही जातात आणि ऐन वेळी गाडीमागे उभे राहायची पाळी त्यांच्यावरही येते.

सरावाच्या वेळी एक प्रयोग अवश्य करा. ड्रायव्हरला जागेवर बसवा आणि ट्रॉलीमागे एक गोणी हळूहळू सरकवत न्या. ती कोणत्या जागी आरशातून नाहीशी होते ते खडूने जमिनीवर आखा. मग घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, ड्रायव्हरच्या जागी बसवून ती आखलेली जागा दाखवा. ती जागा केवढी मोठी असते ते पाहून माणूस गप्प होतो. मी तसाच गप्प झालो होतो.

मुलुंडच्या त्या पहाटेनंतर मामांनी झाडे उतरवून घेतली, आम्ही रस्त्यावरच चहा घेतला. त्या दूधवाल्या मुलाला चहाला बोलवायचे म्हणून मी वळलो, तर तो पुढच्या इमारतीत शिरला होता. त्याचे आभार मानायचे राहिलेच. आज तुमच्यासमोर हे बोललो, ते त्या आभारांपोटीच समजा.

माल वेळेवर पोहोचावा, भाव चांगला मिळावा, आणि मालाबरोबर गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतावा. पहिल्या दोन गोष्टी आपल्या एकट्याच्या हाती नाहीत. तिसरी बरीचशी आहे. गाडी मागे घेण्यापूर्वी एकदा उतरून पाहा, आणि माणूस दिसेनासा झाला की थांबा.